तीन खेळ्या बाकी

माणिक उठली नाही. आता उठेल, ह्या फेरीला नक्की उठेल, म्हणून सम्यक पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर बाकी सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. धवलने बाण मारला, मिठाच्या अंगाच्या त्या खारभुताने उलटा फटका दिला, जानकीने जखमेवर पाला बांधला, पुन्हा धवल, पुन्हा खारभूत, पुन्हा जानकी. आणि मध्ये माणिक, एक हात वर, तोंड अर्धं उघडं, डोक्यावर छोटासा पांढरा आकडा: तीन. तीन खेळ्या थिजायचं आणि मग उठायचं, एवढंच तर होतं. फेऱ्या होत गेल्या. तीन. खारभुताने तिला मारलं तर ती दोरीवरच्या कपड्यासारखी नुसती हलली, आणि पुन्हा हात वर, तोंड अर्धं. तीनाचे दोन होईनात.

"मेली की काय ही," स्वरदा म्हणाली.

मेली नव्हती. मेली असती तर सम्यकला एवढं लागलं नसतं, कारण मेलेल्यांचा हिशोब त्याने चोख करून ठेवला होता. मेलेला पडतो, आडवा होतो, त्याचं नाव राखाडी होतं, बाकीचे काय ते समजतात. ही जिवंत होती. हिरवी पट्टी भरलेली, श्वासाबरोबर खांदे हलतायत, नजर समोर. फक्त तिच्यावरून वेळ जात होता आणि तिच्यातून जात नव्हता. सम्यकचे हात त्याच्याच मांड्यांखाली होते, त्याने स्वतः ठेवलेले, आणि तोंड बंद, कारण अट तशी होती.

अट केयूरची. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतला हा दुसऱ्या मजल्यावरचा गाळा केयूरचा, धंदा केयूरचा, आणि चार माणसांच्या ह्या कंपनीत एकच खेळ किती दिवस बनत राहणार ही काळजीही त्याचीच. खेळ असा की आटलेल्या मुलखात तिघं पाणी शोधायला निघालेत, माणिक त्यांची म्होरकी, विहिरी खणणारी. वाटेत लढाया होतात, त्याही सगळ्यांनी एकदम तुटून पडायच्या नाहीत, आळीपाळीने. एकाची खेळी, मग दुसऱ्याची, सगळ्यांची झाली की एक फेरी. आणि लढाईत नुसती जखम होत नाही. विष चढतं, झोप येते, भीती बसते, माणूस काही खेळ्या स्वतःचा राहत नाही. ह्या धंद्यात त्याला स्टेटस इफेक्ट म्हणतात. सम्यक त्याला लागण म्हणायचा, आणि अशा लागणी बनवण्याचं जे साधन त्याने तयार केलं होतं त्याचंही नाव त्याने लागण ठेवलं होतं. केयूर म्हणायचा, नाव ऐकून डॉक्टरकडे जावंसं वाटतं, यार. केयूरच्या मनात बाहेरचं तयार साधन विकत घ्यायचं होतं. तरी त्याने सांगितलं होतं की आज संध्याकाळी स्वरदाने एकटीने, सम्यकने एक शब्द न बोलता, कीबोर्डला बोट न लावता, एक नवीकोरी लागण करून दाखवायची. झाली तर लागण राहील. नाही तर नाही. खाली प्लास्टिकची झाकणं काढणारं मशीन होतं, ते धप्प करायचं, दम खायचं, पुन्हा धप्प करायचं, आणि दर धप्पला टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यात एक गोल उठायचा. सम्यक त्या गोलाकडे बघत होता. पडद्याकडे बघवत नव्हतं.

आणि किती छान चाललं होतं. स्वरदा पार्ल्याची, बोलायला लागली की समोरच्याला जागा नाही, कोडमधलं तिला ओ की ठो कळत नाही आणि खेळातलं सगळं कळतं. पूर्वी असं व्हायचं की तिच्या डोक्यात काहीतरी भन्नाट यायचं, ती सम्यकला सांगायची, सम्यक हातातलं संपवून मग ते लिहायला घ्यायचा, तोवर तिचा उत्साह गार, आणि जे बनून यायचं ते बघून ती म्हणायची, असं नव्हतं रे. असं नव्हतं मग कसं होतं, तर तेही आता आठवत नाही. ह्या 'असं नव्हतं रे'मधून लागण निघाली. रकाने. नाव काय, काय होतं, किती वेळ, कशाने उतरतं, बघणाऱ्याला काय दिसतं. भरा आणि लगेच खेळून बघा. पहिल्याच दुपारी स्वरदाने उचकी बनवली होती. दूर गेलेल्या सोबत्याने ज्याचं नाव घेतलं त्याला उचकी लागणार आणि त्याचा नेम हुकणार. सम्यकला हे कधी सुचलं नसतं, आणि त्याच्याच साधनातून ते निघालं होतं. घरी जाताना रिक्षात तो एकटा हसला होता आणि रिक्षावाल्याने आरशातून बघितलं होतं. मग तिने लाज केली. जो आपल्याकडे बघतोय त्याच्यावर हात उचलता येत नाही. मग खाजकुइली. मग शेजारच्याची भूक आपल्याला लागणे. सम्यकला वाटायचं आपण एक डबा बनवला आणि दुसऱ्याने तो उघडला तर आत आपण न ठेवलेलं काहीतरी निघतं. एवढा आनंद त्याला फार दिवसांनी होत होता, घरी न्यावा असा. पण कांदिवलीच्या घराच्या दारात चपला काढतानाच त्याचा आवाज खाली यायचा. त्या घरात हल्ली सगळे हळू बोलायचे.

नाव: थिजणं.
काय होतं: खेळी करता येत नाही.
किती वेळ: तीन खेळ्या.
कशाने उतरतं: आपोआप.
बघणाऱ्याला काय दिसतं: जसा होता तसा.

हे स्वरदाने भरलं होतं. आत्ता, त्याच्या डोळ्यांदेखत, बिनचूक. सम्यकने मनात रकाने पुन्हा पुन्हा वाचले. चूक तिची नव्हती. मग चूक आत होती, त्याच्या लिहिण्यात, आणि ती त्याला दिसत नव्हती. त्याने स्वतः किती लागणी करून बघितल्या होत्या. विष उतरत होतं, प्रत्येक खेळीला एकेक आकडा कमी होत. भीती उतरत होती. झोप तर फटका बसला की मोडायची. थिजणं तेवढं त्याने कधी करून बघितलं नव्हतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. हाताला ते यायचंच नाही, बस. जसं घरात गाण्याचा चॅनल लागला की त्याचं बोट आपोआप पुढे सरकायचं, तसं.

केयूर बोलत नाही तेव्हा तो ठरवत असतो. त्याने खुर्ची मागे ढकलली, खिडकीपाशी गेला, परत आला. स्वरदाने माणिकला मोठं करून बघितलं, तिचा चेहरा पडद्यावर भरला. चित्र काढणाऱ्या शीतलने हात कसा सुंदर काढला होता. वर गेलेला, तळवा उघडा, काहीतरी फेकायच्या आधी उघडतो तसा. तोंडात अक्षर अडकलेलं.

आणि सम्यकने हा हात आधी बघितला होता.

मैदानावर, कांदिवलीला, जयंतीच्या कार्यक्रमात, निळ्या कापडाच्या स्टेजवर, पप्पांचा. कुंडलिकभाऊंचा. महापालिकेत पाण्याची चावी सोडण्यात पप्पांची नोकरीची सगळी वर्षं गेली. ह्या गल्लीची बंद, त्या गल्लीची सुरू, लांब लोखंडी दांडा खांद्यावर. चावी सोडून पाणी पुढे पोचेस्तोवर तिथेच फूटपाथवर बसून त्यांनी गाणी केली. त्यांचं सगळ्यात चाललेलं गाणं तळ्याच्या पाण्याचं. पाण्याला विचारा, ओंजळ कुणाची होती. ही ओळ पप्पा एकटे म्हणणार, शेवटाला हात वर नेऊन ती सोडणार, आणि मागे बसलेला कोरस झेलणार. होती, होती, आमची होती. ढोलकी त्याच्यावर अशी पडायची की खुर्चीवर बसलेली म्हातारी माणसं पाय आपटायची. गायनपार्टीत पप्पांचा एक नियम होता आणि तो मोडला की ते भर कार्यक्रमात मागे वळून बघायचे. ओळ सुटल्याशिवाय झेलायची नाही. कोरसने आधी तोंड उघडायचं नाही, मुख्य गायकाच्या हाताकडे बघायचं, हात खाली आला की मगच. प्रबुद्ध म्हणून एक ढोलकीवाला होता, तो एकदा आधी वाजला तर पप्पांनी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, काय रे, तुला गाडी पकडायचीय का? माणसं हसली होती. प्रबुद्धही हसला होता, पण त्यानंतर तो पप्पांच्या हातावरून नजर काढायचा नाही.

आणि त्या संध्याकाळी हात वर गेला. पाण्याला विचारा. हात वर गेला आणि ओळ आली नाही. पप्पांनी स्वतः केलेली, हजार वेळा म्हटलेली ओळ. तोंड अर्धं उघडं, तळवा उघडा. सम्यक पुढच्या रांगेत आईशेजारी बसला होता. त्याला वाटलं, थांबवलीय, मुद्दाम, लोकांना ताणून धरलंय. लोकांनाही तसंच वाटलं असावं, कुणीतरी शिट्टी मारली. मग शिट्टी मारणाऱ्यालाही कळलं. पेटी एका सुरावर धरून ठेवलेली होती, तो सूर पातळ होत गेला. प्रबुद्धचे दोन्ही हात ढोलकीच्या वर, हवेत. कोरसमधले चार जण हाताकडे बघत होते. कुणी झेललं नाही, कारण सुटलं नव्हतं. सगळं स्टेज थिजलं. आदराने. पप्पा अडकले होते आणि पप्पांची वाट बघत बाकीचे अडकले होते, आणि पप्पांना कदाचित, कोण जाणे, मागून कुणीतरी एक 'होती' म्हटलं असतं तर पुढचं आठवलं असतं. मग कुणीतरी पाणी आणलं. कुणीतरी माईकवर म्हणालं, भाऊंची तब्येत.

तब्येत धडधाकट निघाली. डॉक्टरांनी सगळं बघितलं, सगळं ठीक होतं. पप्पा जेवतात, पेपर वाचतात, खाली फेरी मारून येतात, विचारलं तर उत्तर देतात. गात नाहीत. गुणगुणतही नाहीत, आणि पूर्वी ते दाढी करतानासुद्धा गप्प नसायचे. आणि घर काय करतं? घर जपतं. पेटी चादरीत बांधून माळ्यावर गेली. आई भांडी घासताना गायची ती बंद झाली. सम्यकच्या फोनची रिंग गाण्याची होती ती त्याने साधी केली. पार्टीतले लोक आधी यायचे, आता येत नाहीत, वाईट वाटू नये म्हणून. प्रबुद्ध खाली भेटला की विचारतो, भाऊ कसे आहेत, आणि वर येत नाही. भाऊंना वाटेल तेव्हा भाऊ येतील, घाई करायची नाही. आणि आई एकच वाक्य बोलते, शांतपणे, ताट वाढताना, दार लावताना. त्यांचं त्यांना उतरू दे.

त्यांचं त्यांना.

ग्लासातल्या पाण्यात गोल उठला, धप्प. त्यांचं त्यांना. आकडा कमी कधी होतो? खेळीच्या शेवटी. कोणाच्या खेळीच्या? ज्याला लागण झालीय त्याच्या. हे त्यानेच लिहिलं होतं, पहिल्या आठवड्यात, विषासाठी, आणि विषाला ते बरोबर होतं, विष चढलेला माणूस खेळतो, खेळी संपते, एक कमी. पण थिजलेल्याला खेळीच नाही. खेळी नाही तर खेळीचा शेवट नाही. शेवट नाही तर मोजणी नाही. तीनाचे तीनच राहणार, आज राहणार, उद्या राहणार, सगळे शत्रू मरून गेले तरी ती हात वर करून उभी राहणार, कारण तिचा वेळ तिच्या हलण्यावर लावून ठेवलाय आणि हलणं तर काढूनच घेतलंय. वेळाने बरं होईल. कुठल्या वेळाने? भिंतीवरच्या? तो तर जातोय, सगळ्यांचा जातोय, आईचा, प्रबुद्धचा, खालच्या मशीनचा. पप्पांचा जात नाहीये. आम्ही त्यांचा नंबर कधी येतो म्हणून वाट बघतोय आणि ते आले नाहीत म्हणून त्यांचा नंबर लावत नाही आहोत. किती सोपं. किती भयंकर, आणि किती सोपं. सम्यकला ओरडावंसं वाटलं. त्याला हसू फुटलं, तोंड दाबलं तरी नाकातून फुटलं, आणि त्याने मांड्यांखालचे हात काढले.

"कळलं," तो म्हणाला.

"तू बोलायचं नव्हतंस," केयूर म्हणाला.

सम्यक बोलतच सुटला. तिची खेळी येत नाही आणि आकडा तिच्या खेळीवर मोजतोय, हे त्याने एकदा सांगितलं, मग हातवारे करून पुन्हा सांगितलं, मग खालच्या मशीनची तीन झाकणं टेबलावर मांडून सांगितलं. स्वरदाला पहिल्यांदाच कळलं होतं.

"म्हणजे ही उठणार कधी?"

"कधीच नाही."

"आणि तू हसतोयस," केयूर म्हणाला. मग तो जे बोलला ते रागाने नाही, दमलेल्या आवाजात बोलला. बाहेरच्या तयार साधनात असलं काही निघालं नसतं, आणि ठरलं होतं ते ठरलं होतं. सम्यकला त्या वेळी लागण राहते की जाते ह्याचं काहीच वाटत नव्हतं, ह्याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. त्याला फक्त ती उठवायची होती. स्वरदा मात्र खुर्ची फिरवून केयूरसमोर आली. तिने विचारलं की एकटीने करायचं होतं ते तिने केलं की नाही? तिचा हात कुठे अडला? विकतच्या साधनात हेच झालं असतं तर तिने मेल टाकला असता आणि परदेशात कुणीतरी झोपेतून उठून उत्तर देईपर्यंत माणिक अशीच उभी राहिली असती. "इथे निदान चूक करणारा माणूस शेजारी बसलाय. त्याच्या डोक्यात टपली मारता येते."

केयूरने एकदा माणिककडे बघितलं. मग म्हणाला, चहा घेऊन येतो. तोवर. आणि जिना उतरून गेला.

तोवर. सम्यकची बोटं कीबोर्डवर पडली आणि त्याला वाटलं आपण वाजवतोय. ओळी सुटत होत्या आणि तोच झेलत होता. आत मोजणी जिथे होती तिथून ती उपटली, मोकळी केली, कुणाच्याही खेळीला बांधता येईल अशी केली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एक कंस राहिला, सापडला. खाली धप्प. त्याने नवा रकाना काढला. मोजणी कोणाच्या खेळीवर? पहिला पर्याय, स्वतःच्या. दुसरा, फेरी पूर्ण झाली की. म्हणजे जगाच्या. जग फिरतंय, फिरू दे, तीन फेऱ्या झाल्या की उठ. हे बरोबर होतं, सगळीकडे असंच करतात, त्याने पुढचं बटण दाबायला हात नेला.

"तिसरं टाक," स्वरदा म्हणाली. तिने टेबलावरच्या एका झाकणाशेजारी दुसरं सरकवलं. "सोबत्यांच्या."

"कशाला? फेरीने उतरतंय ना."

"अरे, मग खेळणाऱ्याने काय करायचं? आपलं बसायचं आणि बघायचं, उठतेय का उठतेय का? बोअर होईल. कोणीतरी तिच्याजवळ जायला पाहिजे ना."

"जाऊन औषध द्यायचं?"

"औषध नको रे. ती आजारी नाहीये." स्वरदाने झाकणं हलवली, तिला नीट सांगता येत नव्हतं आणि तिला ते चालत होतं. "आपली खेळी खेळायची. नेहमीची. बाण मारायचा तर बाण, पाला बांधायचा तर पाला. फक्त तिच्या शेजारी उभं राहून. तिच्यासाठी थांबायचं नाही. की झाला एक कमी."

पार्ल्याच्या घरात, जिथे बहुधा रोज संध्याकाळी मोठ्याने भांडण होतं आणि त्याच मोठ्याने चहा होतो, तिथून हे आलं असेल. तिला काय माहीत. त्याने तिला घरचं कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय, वडील गात नाहीत? पुष्कळांचे वडील गात नाहीत. त्याने तिसरा पर्याय लिहिला. लिहिताना त्याला मैदानावरचं स्टेज दिसलं आणि प्रबुद्धचे हवेतले हात दिसले, आणि त्याने मनात ते हात खाली आणले, ढोलकीवर, पप्पांचा हात वर असतानाच. ठेक्याचा पहिला बोल. नियम मोडून. त्याच्या मनगटांत झणझणलं.

मोजणी कोणाच्या खेळीवर: सोबत्यांच्या. शेजारी असतील तर.

लढाई सुरू. खारभूत आलं, माणिकचा हात वर गेला, थिजली. तीन. स्वरदाने धवलला तिच्या शेजारी नेलं. धवलने तिच्याकडे बघितलंही नाही, खांद्यावरून बाण काढला आणि मारला. पांढरा आकडा थरथरला.

दोन.

स्वरदाने टेबलावर थाप मारली. सम्यकने मारली. जानकी शेजारी, पाला बांधून झाला, एक. आणि धवल पुन्हा, आणि मग माणिकचा हात जिथे अडकला होता तिथूनच खाली आला, मध्ये काही झालंच नव्हतं असा, तोंडातलं अक्षर बाहेर पडलं, तिने कुदळ उचलली. हात कसा खाली आला. सम्यकने तेवढंच परत परत चालवून बघितलं. केयूर चहाची थैली हातात घेऊन दारात कधी येऊन उभा राहिला ते दोघांना कळलं नाही. त्याने दोन वेळा बघितलं. मग पेले मांडले, चहा ओतला आणि म्हणाला, मी त्या लोकांना नको म्हणून कळवतो, पण नाव बदला, यार. एवढंच. ही जिंकण्याची वेळ होती आणि सम्यक पेला तसाच टेबलावर सोडून जिन्यात गेला होता.

जिन्यात ऊन होतं, तिरपं, पायऱ्यांवर आडवं पडलेलं, आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. फोन काढला. चूकही होईल. पप्पा उठून आत जातील. आईला वाटेल मुलाने थट्टा केली. एवढे दिवस सगळ्यांनी फुंकर घालून जपलेलं हे असं एका संध्याकाळी. पण मग मोजायचं कुणाच्या खेळीवर? त्याने नंबर लावला.

आईने उचलला. नेहमीप्रमाणे आधी जेवलास का विचारलं. पप्पा काय करतायत, तर बसलेत, खिडकीपाशी. सम्यकने सांगितलं, फोन स्पीकरवर कर आणि त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेव. त्यांना काही सांगू नकोस. काही विचारू नकोस.

"काय झालंय तुला? आवाज कसा येतोय?"

"काही नाही गं आई. आता खेळायचा माझा नंबर आहे."

आईची पावलं खिडकीकडे गेली. स्टुलावर फोन टेकल्याचा आवाज आला, आणि मग घर आलं, ते हळू बोलणारं घर, पंख्याची घरघर, लांब कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि त्यात एका माणसाचं श्वास घेणं. सम्यकने डोळे मिटले. मुख्य ओळ त्याची नव्हती, ती तो म्हणणार नव्हता. त्याने कोरसची उचलली. कुणीही न सोडलेली.

होती, होती, आमची होती.

आवाज जिन्यात फुटला, वरच्या मजल्यावर आपटून खाली आला. बेसूर. पुन्हा म्हटली. तिकडे पंखा. पुन्हा म्हटली, आणि खालच्या मशीनने मध्येच धप्प केलं, तर त्याने त्या धप्पवर पाय आपटला, आणि चौथ्यांदा म्हणताना मागून अजून एक आवाज मिसळला. स्वरदा दारात उभी होती, हातात चहा, काय गातोय, कोणासाठी, काही माहीत नाही. चार शब्द होते, तेवढे तिला आले. होती, होती. तिचा सूर तिसरीकडेच. केयूर तिच्या मागे, तो फक्त कठड्यावर चावीने वाजवत होता. तिघं भरधाव सुटले होते, आनंदात सुटतात तसे, कुणाला कुणाचा धरबंध नाही. फोनमध्ये काही नाही. सम्यकला वाटलं आता थांबावं, थांबून विचारावं, पप्पा, ऐकताय ना? आणि त्याने विचारलं नाही. ते पप्पांकडे त्यांची खेळी मागणं झालं असतं. आपली खेळायची.

मग फोनमध्ये एका बाईचा आवाज आला, जुना, भांडी घासताना ऐकलेला. आमची होती. आई म्हणत होती, अगदी जवळून, स्टुलाशेजारी उभी असावी. आधी नुसत्या शेवटच्या शब्दावर, मग सगळं. ती पप्पांशी बोलत नव्हती. ती आपलं गात होती, आणि मध्येच ताटं मांडल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती गाता गाता ताटं मांडत होती.

आणि तेव्हा सम्यकला ते ऐकू आलं. स्टुलावर, फोनच्या अगदी बाजूला, लाकडावर बोट. एकदा. मग मध्ये मोठी जागा. मग पुन्हा. त्याला आधी वाटलं, फोन सरकवतायत. पण बोट पुन्हा तेवढीच जागा सोडून पडलं, आणि पुन्हा, आणि ते त्यांच्या गाण्यात बसत नव्हतं. ते हळू होतं. ते मुद्दाम हळू होतं. गाडी पकडायचीय का, असं हळू. आई तिकडे लगेच संथ झाली. स्वरदाला काही कळलं नसावं, पण तीही संथ झाली. केयूरची चावी थांबली, चाचपडली, आणि नव्या जागेवर पडली. सम्यकने पाय आपटायचं सोडून त्या बोटाकडे कान दिला आणि 'होती' इतकं लांबवलं की त्याचा श्वास पुरेना. तिकडे, पंख्याखाली, कुणीतरी घसा खाकरला.

गाणं सुरू झालं नाही. ओळ आली नाही. बोट मात्र पडत राहिलं, आणि जिन्यातल्या उन्हात डोळे मिटून उभ्या असलेल्या सम्यकला खिडकीपाशी बसलेला तो माणूस स्वच्छ दिसला, आणि त्याच्या डोक्यावरचा तो छोटासा पांढरा आकडा. तो आता तीन नव्हता.